ओहोटीचं ठिगळ

१

सोमवारी सकाळी पाळणाघराच्या अंगणात पाणी आलेलं होतं. फार नव्हे, मुलांच्या चपला तरंगतील इतपत. पण पावसाचा पत्ता नव्हता, नळही फुटला नव्हता, आणि पाळणाघरवाली मावशी खराट्याने ते बाहेर लोटत होती तेव्हा त्याला खारट, कुजका वास येत होता.

घारीने लेकीला कडेवरून खाली ठेवलंच नाही.

घार हे तिचं ऑफिसातलं नाव. उपग्रहाने वरून टिपलेली किनाऱ्याची चित्रं बघायची, खारफुटीचं जंगल कुठे वाढलं, कुठे घटलं, कुठे भराव पडला ते शोधायचं, हे तिचं काम. म्हणून ती घार. लेक घरभर तुरुतुरु पळायची, म्हणून ती खारू. नवरा मालवाहू जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात सासूबाई, खारू आणि ती. घर बांधामागच्या पहिल्याच रांगेत, पाळणाघराला लागून. बांधापलीकडे खारफुटी आणि त्यापलीकडे खाडी.

"पहाटेच्या भरतीला आलं," मावशी म्हणाली. "जंगल असताना पाणी एवढ्या आत येत नाही कधी. यंदा काय बिनसलंय कोण जाणे."

बांधावर चढून पाहिलं तर पुढची झाडं जागच्या जागी, भिंतीसारखी उभी. त्यांच्या मागे काय आहे ते जमिनीवरून कुणालाच दिसत नाही. घारीला ते ऑफिसात दिसणार होतं, आणि या आठवड्यात ते दिसणं फार गरजेचं होतं. गुरुवारी वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण यायचं होतं. कुठल्या रांगा रिकाम्या करायच्या हे आपत्ती कक्ष खारफुटीच्या नकाशावरून ठरवणार होता: पुढे जंगल शाबूत असेल तर मागची घरं हलवायची नाहीत. तो नकाशा घारीच्या ऑफिसातून जायचा होता, आणि बुधवारी दुपारपर्यंत त्यावर तपासणीची सही तिचीच व्हायची होती.

ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने नकाशा उघडला. तिच्या घराच्या रांगेसमोर हिरवा रंग, अखंड. तिच्या जिवात जीव आला. मग सवयीने तिने नकाशा ज्यावरून बनवला होता ते गेल्या आठवड्यातलं उपग्रहाचं मूळ चित्र उघडलं.

खाडी तुडुंब होती. पाणी पार बांधाच्या पायथ्याला टेकलेलं. आणि त्याच चित्रात, जंगलाच्या ऐन मध्यावर, झाडांमधून वळणं घेत जाणारे सगळे ओहोळ कोरडे होते, तळाचा करडा चिखल उघडा पडलेला.

उपग्रह एका झेपेत चित्र टिपतो. एकाच क्षणी बाहेर भरती आणि आत ओहोटी कशी असेल?

२

ऑफिसात एक शब्द होता, ठिगळ. चित्रात ढग आला की ढगाखालची जमीन दिसत नाही. मग तेवढा तुकडा जुन्या चित्रातून आणून तिथे बसवायचा. त्यात लपवाछपवी काही नसते, ठिगळ लावलं की तशी नोंद करतात. पण या चित्रात आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं आणि नोंद कसलीच नव्हती.

उपग्रहाची चित्रं सार्वजनिक साठ्यात कुणालाही मिळतात. घारीने तेच चित्र, त्याच दिवसाचं, तिथून नव्याने उतरवून घेतलं. ते उलगडत असताना तिने पडद्याकडे पाहायचं टाळलं, पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

मग पाहिलं. काठाला झाडांची एक बारीक किनार तेवढी राहिली होती. आत जंगल नव्हतंच. साफ केलेली, भराव टाकलेली जमीन, डोक्यावरचे केस मधूनच गेल्यासारखी. गुरुवारचं पाणी या मोकळ्या तोंडातून सरळ आत येणार होतं, पहिल्या रांगेवर, पाळणाघरावर. आणि तोवर कुणीही घरं सोडलेली नसणार, कारण नकाशा हिरवा होता.

ओरडून सांगावं असं तिला वाटलं. पण कुणाला? मूळ चित्राला हात लावू शकणारी माणसं चारच. ती स्वतः. मास्तर, म्हणजे निवृत्तीला आलेले ज्येष्ठ सहकारी, ज्यांनी तिला हे काम शिकवलं. नवी, म्हणजे अलीकडेच लागलेली मुलगी. आणि खेकडा, खाडीत उतरून प्रत्यक्ष पाहणी करणारा, बारा महिने पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. या चौघांच्या वर साहेब, ज्यांच्या टेबलावरून नकाशा पुढे जायचा. चुकीच्या माणसाला सांगितलं असतं तर सही तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाची झाली असती आणि नकाशा गेलाही असता.

तिने दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून फरक काढला. पडद्यावर ठिगळाचा नुसता आकार उरला. त्याच्या कडा सरळ नव्हत्या. प्रत्येक ओहोळाच्या वळणाला, झाडांच्या प्रत्येक पुंजक्याला धरून कुणीतरी ते हाताने कापलं होतं, रफू केल्यासारखं.

इतकं जीव ओतून केलेलं खोटं काम तिने आजवर पाहिलं नव्हतं.

३

भरती-ओहोटीची चूक म्हणजे नवशिक्याची चूक, म्हणून ती आधी नवीकडे गेली. कानातली गाण्याची बोंडं काढायला लावून, सहज विचारल्यासारखं विचारलं, की ठिगळं कशी लावतेस गं?

"बटण दाबते, ताई. आपोआप लागतं." नवीने तिची जुनी ठिगळं अभिमानाने दाखवली. सगळी चौकोनी, टॉवेल वाळत घातल्यासारखी. हाताने कापत बसायचं तर म्हातारपण इथेच येईल, असंही ती म्हणाली, आणि मग पलीकडे बसलेल्या मास्तरांकडे बघून जीभ चावली. मास्तर हसले नाहीत. एरवी अशा टोमण्याला ते सव्याज उत्तर देत. गेले काही दिवस ते जेवणाचा डबाही न उघडताच घरी नेत होते.

खेकडा जिन्यात भेटला. खारफुटीत शेवटचा कधी गेला होतास, यावर तो इतका करवादला की घारच दचकली. दोन महिने होडीच मंजूर नाही, तो सांगू लागला. साहेबांचं म्हणणं, चित्र आहे ना, मग चिखलात कशाला लोळायचं? "घारबाई, मी नकाशा बघत नाही, मूळ चित्र बघतो. पाणी कुठवर आहे ते कळल्याशिवाय मी होडी सोडत नाही. एकदा रुतलो होतो, सहा तास बगळे माझ्याकडे बघत होते." ताजं चित्रही त्याने मागितलं होतं, पण मंजुरी नाही तर चित्र तरी कशाला, म्हणून या वेळी त्याला ते बघायची परवानगी मिळाली नव्हती, असं तो म्हणाला.

घारीच्या मनात काहीतरी खटकलं, पण काय ते तेव्हा हाती लागलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी ती खारूला आणायला गेली. एका बाळाला खांद्यावर थोपटत मावशी दारातच म्हणाली, "अगं, तुझ्या ऑफिसातलं कुणीतरी येऊन गेलं दुपारी. डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नाही. घारीची मुलगी कोणती, म्हणून विचारत होता."

"मग तू दाखवलीस?"

"दाखवली की. चांगला माणूस वाटला. आणखी पण काय काय विचारत होता, तेच सांगते तुला..."

तेवढ्यात आत एक मूल पाळण्यातून उलटलं आणि मावशी धावली. घार थांबली नाही. खारूला उराशी घट्ट धरून ती इतक्या झपाझप घरी आली की सासूबाईंनी विचारलं, मागे कुत्रं लागलं होतं का?

४

बुधवारी सकाळी तिने सासूबाईंना सांगितलं की आज खारू घरीच राहील, दार कुणालाही उघडायचं नाही, ऑफिसातलं म्हणून कुणी आलं तर मुळीच नाही. सासूबाईंनी कारण विचारलं नाही; सुनेचा चेहरा पाहिला आणि कडी लावून घेतली.

साहेबांनी तिला आल्या आल्या बोलावलं. साहेब मृदू बोलणारे, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी खारूच्या खोकल्याची चौकशी केली. खोकल्याबद्दल आपण यांना कधी सांगितलं होतं, हे घार आठवू लागली. मग त्यांनी नकाशा समोर सरकवला. रंगीत नकाशा, मूळ चित्र नव्हे. हिरवं किती, लाल किती एवढंच मला कळतं, बाकी तुमची विद्या, असं ते नेहमीसारखंच हसून म्हणाले.

"सही लवकर झाली तर बरं," ते म्हणाले. "तुम्हालाही लेकीकडे वेळेवर जाता येईल."

वाक्य साधंच होतं. पण तिने पेनाचं टोपण पुन्हा लावलं. एकदा शेवटचं तपासून आणते, असं कसंबसं सांगून ती बाहेर पडली आणि थेट मावशीला फोन लावला. काल तो माणूस आणखी काय विचारत होता?

मावशी म्हणाली, अगं तेच तर सांगत होते. विचारत होता की गच्ची आहे का? मागचं दार उघडतं का? इतकी मुलं एकदम बाहेर काढायची तर किती बायका लागतील? आणि जाताना हात जोडून सांगून गेला, गुरुवारी पाळणाघर उघडू नका, काही झालं तरी.

घार जिन्यात खाली बसली.

धमकी द्यायला आलेला माणूस गच्चीची चौकशी करत नाही. तो माणूस भ्यायलेला होता, तिच्याइतकाच. ठिगळाखाली काय आहे हे त्याला माहीत होतं. आणि ते केवळ ठिगळ लावणाऱ्यालाच माहीत असणार.

५

मास्तर छपाईयंत्राच्या खोलीत एकटेच होते. घारीने दार लोटून घेतलं. तिने एकेक धागा उलगडायला घेतला, अगदी ते तिला शिकवत तसा.

नवीने हे केलं नाही, कारण तिची ठिगळं चौकोनी असतात आणि या ठिगळाची कड रफूची आहे. खेकड्याने केलं नाही, कारण पाण्याकडे बघितल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. त्याने लपवायचं ठरवलं असतं तर जुनं चित्र भरतीचंच निवडलं असतं, आणि मग कुणाच्या बापाला कळलं नसतं. राहिले तुम्ही. पण तुम्ही तरी ही चूक कशी कराल? चित्र उघडलं की आधी पाणी बघायचं, मग झाडं, हे तुम्हीच मला शिकवलंत. ज्याने प्रत्येक ओहोळाची कड हाताने कापली, त्याला ते ओहोळ कोरडे आहेत हे दिसलं नसेल?

"ती चूक नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही ती मुद्दाम ठेवलीत. मला दिसावी म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"दोन दिवस लावलेस," ते म्हणाले. "मला वाटलं, आता तुला दिसत नाही. म्हणून मग पाळणाघरात गेलो, तुझी लेक तिथेच असते ते बघायला."

तुमच्याकडून हे करून घेणारा कोण, तेही मला कळलंय, घार पुढे म्हणाली. नकाशा बनताना ओहोळांसारख्या बारीक रेघा पुसल्या जाऊन सरसकट हिरवा रंग भरला जातो. म्हणजे तुमची खूण नकाशात दिसत नाही, फक्त मूळ चित्रात दिसते. काम तपासून घेणारा माणूस मूळ चित्र उघडणारा असता, तर तुम्हाला असली खूण ठेवायची छातीच झाली नसती. तो फक्त रंग बघणारा आहे. खेकड्याची होडी अडवणाराही तोच, आणि त्याला ताजं चित्र मिळू न देणाराही तोच, कारण खेकड्याने ते पाहिलं असतं तर पहिल्याच नजरेत बोंब मारली असती.

तिने साहेबांचं नाव घेतलं नाही. मास्तरांनी मान डोलावली.

मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. एका रविवारी दोन माणसं घरी आली होती. साहेबांचे मित्र, म्हणाले. सूनबाई चहा करत होती तोवर त्यांच्यातल्या एकाने नातवाला मांडीवर घेतलं आणि त्याचे केस विंचरत बसला. शिवी नाही, धाक नाही. मग साहेबांना फोन लावून फोन मास्तरांच्या हातात दिला. साहेब एवढंच म्हणाले, की एक ठिगळ लावायचंय. त्या जागी जहाजांचा धक्का बांधायचा घाट होता आणि जंगल तोडल्याचं उधाणाआधी बाहेर यायला नको होतं; मग ते उधाणानेच गेलं, असं म्हणता आलं असतं.

"तो उठेपर्यंत केस विंचरत होता गं," मास्तर म्हणाले. "माझा नातू हसत होता."

 घारीला खारूचे केस आठवले. सही केली नाही, तर आता कुणाच्या घरी चहाला येतील, हे विचारायची गरज नव्हती.

६

खेकड्याला सांगितल्यावर तो ताबडतोब म्हणाला, माझं नाव टाका, मला ना बायको ना पोर, माझे केस विंचरायचे तर आधी उगवायला हवेत. पण घारीने नकारार्थी मान हलवली. एकच नाव असलं तर त्याच एका माणसाला गाठतात. मास्तरांना गाठलं ते असंच, एकटं. कुणी पकडलं, कुणी सांगितलं, हे कळायलाच नको. म्हणून सगळ्यांनीच सांगायचं.

नवी रडायला लागली. आपल्यालाच नेहमी बोलणी बसतात, म्हणाली, आणि नाक पुसून सगळ्यांच्या आधी सही तिनेच केली.

खरं चित्र, खोटं चित्र, मधल्या फरकाचा आकार, आणि खाली चार सह्या. साहेबांच्या सहीसाठी पाचवी जागा ठेवायचीच नाही, असं मास्तर म्हणाले. ते सगळं घेऊन चौघं मिळून आपत्ती कक्षाकडे निघाले. मागच्या जिन्याने जाऊ, असं नवी सुचवत होती, तोच साहेब समोरून आले. त्यांनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग घारीच्या हातातल्या पाकिटाकडे.

"नकाशा तयार झाला वाटतं," ते म्हणाले. "मी नेतो की. कोणी तपासला शेवटी?"

 घारीला वाटलं, आता बोलले तर आवाजाऐवजी रडूच बाहेर पडेल. बोलली ती नवी.

"आम्ही सगळ्यांनी, सर."

साहेब हसत होते. ते हसू जागच्या जागीच राहिलं. त्याखालून चेहरा तेवढा सरकला. त्यांनी पाकिटासाठी पुढे केलेला हात कुणी धरला नाही की झिडकारला नाही. चौघं त्यांच्या बाजूने चालत गेली, खांद्याला खांदा लावून, भ्यालेली मुलं रस्ता ओलांडताना चालतात तशी. मागे पावलं वाजतात का, हे घार शेवटपर्यंत ऐकत होती.

आपत्ती कक्षातल्या अधिकारी बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी भरावाच्या जागेवर बोट ठेवलं, त्याच्यासमोरच्या रांगांवर फिरवलं आणि विचारलं, इथे कोण राहतं? घार म्हणाली, मी.

बाईंनी एक फोन गाड्यांसाठी लावला. मास्तरांनी त्या रविवारचं सांगितलं, तेव्हा दुसरा पोलिसांना लावताना त्यांनी दार आतून बंद केलं आणि मास्तरांना त्यांच्या घरचा पत्ता विचारला.

७

संध्याकाळच्या आत पहिल्या रांगा रिकाम्या झाल्या. सासूबाईंनी गादी नेऊ का विचारलं, नको म्हटल्यावर उशी तरी घेतलीच. पाळणाघरातली मुलं मावशीने दोरीला धरून गाडीत चढवली. मास्तरांच्या घरासमोर एक पोलिसांची गाडी उभी राहिली होती. साहेबांना चौकशीला बोलावल्याचं खेकड्याने येऊन सांगितलं. ती दोन माणसं मात्र अजून सापडली नव्हती. हे शेवटचं वाक्य त्याने घारीकडे न बघता म्हटलं.

गुरुवारी सकाळी, पाळणाघर भरायच्या वेळेलाच, उधाण आलं. लोकांना ज्या उंच इमारतीत हलवलं होतं तिच्या वरच्या मजल्यावर खिडकीपाशी गर्दी झाली. काठाच्या झाडांनी क्षणभर पाणी थोपवून धरल्यासारखं वाटलं. मग ती बारीक किनार एका जागी आडवी झाली आणि मागच्या मोकळ्या जमिनीवरून पाणी सरळ, बिनअडथळा आत शिरलं. आवाज फार नव्हता. पाळणाघराच्या खिडक्या बुडाल्या. भिंतीवर मुलांनी काढलेली फुलं बुडाली. कुणी किंचाळलं नाही, कारण तिथे कुणीच नव्हतं. वर उभ्या बायका एकेक करून आपापली मुलं चाचपून बघत राहिल्या.

घारीने इतकी वर्षं किनारा वरून पाहिला होता, पण निर्जीव, पडद्यावर. असा हलताना पहिल्यांदाच पाहत होती. मागे कुणी नवखं माणूस येऊन उभं राहिलं की ती वळून चेहरा बघत होती. मुलांना दूध वाटणारा एक माणूस जवळ येऊन खारूकडे वाकला तेव्हा तिने लेकीला अशी ओढून घेतली की तो ओशाळून पुढे गेला. तो साधा मदतीला आलेला असणार. असणारच. तरी तिने त्याला दारापर्यंत नजरेने पोचवलं.

"आई," खारूने काचेला नाक लावून विचारलं, "आपलं घल कुठाय?"

पाण्याच्या वर एक छप्पर आणि टाकीचं काळं झाकण दिसत होतं. घारीने तिकडे बोट दाखवलं.  मग मागे पावलं वाजली, आणि तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवून वळून चेहरा पाहिला.